‘विथ’च्या पुढे काय लिहायचं

ही एकोणीसशे एकाहत्तर सालची गोष्ट. आई जाऊन सहा महिने झाले होते. बाबांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आमच्या पुढच्याच खोलीत होतं आणि गिऱ्हाइकांची मशीनं तिथे धूळ खात पडली होती. बाबा रोज आईचंच मशीन उघडत, तेल घालत, जोडत, चिंधीवर शिवण मारून बघत आणि पुन्हा सगळं खोलत.

“मालक, माझं मशीन उद्या घेऊन जातो,” कोपऱ्यावरचे शिंपीकाका म्हणाले. “इथे राहिलं तर थेट माझ्या नातवालाच मिळायचं.”

बाबा आईच्या मशीनला तेल घालत राहिले. काका गेले की बाकीचेही जाणार आणि दुकानाला टाळं लागणार, हे आम्हा बहिणींना दिसत होतं.

ताई तेव्हा इंग्रजीच्या शिकवणीला जायची. तिथल्या बाईंची एक तऱ्हा होती. नवा शब्दप्रयोग घरच्याच माणसावर लिहायचा आणि त्यालाच वाचून दाखवायचा. त्याने कबूल केलं तरच वाक्य बरोबर. त्या आठवड्याला आलं ‘ग्रोइंग ऑब्सेशन विथ’, म्हणजे एखाद्या गोष्टीचं दिवसेंदिवस वाढत जाणारं वेड.

वाक्य ताईला शोधावं लागलं नाही. वाचायचा मात्र धीर होईना. दुसऱ्या दिवशी काका हातगाडी घेऊन आले, तेव्हा ती उठलीच. “माय फादर हॅज अ ग्रोइंग ऑब्सेशन विथ अ स्युइंग मशीन.”

“मराठीत सांग,” बाबा म्हणाले. तिने सांगितलं.

“घ्या! पोरीने बरोबर नाडी पकडली,” काका म्हणाले.

“चूक आहे,” बाबा हळूच म्हणाले. “मशीनचं कसलं वेड? तुझी आई म्हणायची, टाका सुटतोय, जरा बघा ना. गावभरची मशीनं दुरुस्त केली मी, आणि तिला वर्षभर ‘उद्या बघू’ म्हणत राहिलो.”

“मग ‘विथ’च्या पुढे काय लिहू, बाबा?”

“तो सुटलेला टाका लिही.”

काका हातगाडी वळवायला लागले. “राहू दे मालक. मला कसली घाई आहे?”

“थांबा हो,” बाबा म्हणाले. त्यांनी आईचं मशीन बाजूला उचलून ठेवलं आणि काकांचं टेबलावर घेतलं.

बाबांनी पुढे शेवटपर्यंत दुकान चालवलं. काकांचं मशीन खरंच नातवाकडे गेलं, पण चालू स्थितीत. ताई इंग्रजीची शिक्षिका झाली. मुलांना घरी वाक्यं वाचायला पाठवून तिने कितीतरी आईबापांना घाम फोडला. आईचं मशीन माझ्याकडे आहे. टाका अजून सुटतो. सुटेल तिथे मी हाताने घालते.