पाळकानं दिलेला शब्द

फुकटात कुणी तांब्याभर पाणी देत न्हाय, अन् कृष्णराजनं आख्खं कुंपण काढलं. तवाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

आमच्या ख्रिस्ती लोकांचं कबरस्तान त्याच्या रानापलीकडं. वाट त्याच्याच बांधावरनं. सासू-सासरे, माझी थोरली लेक, समदी त्या वाटंनं गेली. यंदा त्यानं तिथं तारेचं कुंपण घातलं अन् सरळ सांगितलं, रान माझं, मढी दुसरीकडनं न्या. दुसरीकडनं कुठनं? एका अंगाला वढा, दुसऱ्या अंगाला दुसऱ्याचा ऊस.

अन् हिकडं माझा नवरा, म्हातारा बिराप्पा, अंथरुणाला खिळलेला. उमरग्याच्या डॉक्टरनं हात टेकले, घरी न्या म्हणले. म्हाताऱ्याला मरणाचं भ्या न्हवतं. पर रोज एकच पालुपद, मला लेकीशेजारी माती देशील न्हवं? मी काय सांगू, कपाळ?

मग झेडपीची निवडणूक लागली. कृष्णराज उभा ऱ्हायला, अन् एका सकाळी कुंपण गायब. आमची माणसं खूश. म्हातारा त्या दिवशी वाटीभर पेज प्याला. मलाबी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पर पाणी कुठंतरी मुरत होतं.

फुडच्याच रविवारी कृष्णराज पांढरे कपडे घालून चर्चमधी फुडं येऊन बसला. आमचे पाळक सिलास, वयानं माझ्या लेकासारखे, माणूस गुणाचा. त्यांनी त्याला फुडं बोलावलं, डोक्यावर हात ठेवला अन् नाव घेऊन प्रार्थना केली. त्याच्या माणसानं फोटो काढला. सांजच्याला ज्याच्या त्याच्या मोबाईलवर तोच फोटो, खाली लिवलेलं, ख्रिस्ती समाज कृष्णराजच्या पाठीशी. समाजाला विचारलं कुणी? मला तर न्हाय विचारलं.

म्या जाऊन पाळकांना धरलं. ते म्हणले, अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करा असं शास्त्रातच हाय, मावशी. म्हणलं, मग समद्यांसाठी करा की. त्याच्यासमोर शिवप्पा उभा हाय, त्याच्या डोक्यावर काय काटं उगवल्यात? ते हसले, पर नजर खाली. बाकीचे मलाच समजवायला लागले. आपण मूठभर लोक, कुणाच्या तरी सावलीला ऱ्हावंच लागतंय. सावलीला बसायला माझी ना न्हवती. पर आपल्याला न सांगता कुणी सौदा केला आसंल तर?

आमच्यात म्हैन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. रीत अशी, की मनात कुणाबद्दल अढी असली तर आधी मिटवायची, मगच भाकरीच्या तुकड्याला हात लावायचा. मिटली न्हाय तर जागेवर बसून ऱ्हायचं. त्या रविवारी मी बसून ऱ्हायले. समदं चर्च वळून बघायलं. बघू दे.

पाळकांनी ताट फुडं आलेल्या समद्यांपुढं फिरवलं. शेवटी त्यांचा सोताचा तुकडा उरला. त्यांनी तो उचलला, जरा थांबले, अन् परत ताटात ठेवून वरनं फडकं झाकलं. लोक गाणं म्हणत होते, कुणाचं ध्यान न्हवतं. म्या मातर बघितलं.

समदे गेल्यावर म्या दारातच त्यांना आडवलं. म्हणलं, अढी तुमच्याबी मनात हाय. कुणाबद्दल?

"सोताबद्दल," ते म्हणले. "मावशी, मी शब्द दिला त्याला. आपली समदी मतं त्याला पडतील म्हणून."

"कशापायी?"

"बिराप्पाअण्णांपायी. मी भेटायला आलो की ते माझा हात धरून विचारायचे, मला कुठं ठेवणार? मला त्यांच्या तोंडाकडं बघवंना."

माझा राग जाग्यावरच थिजला. चोर हुडकत गावभर हिंडले, अन् चोरीचा माल माझ्याच घरात निघाला.

गप्प बसावं वाटलं. लई वाटलं. कुणाला कळणार होतं? पर आज ह्याचं कुंपण, उद्या दुसऱ्याचं. मग आमच्या चर्चमधी कुणाचं नाव घ्यायचं, ते ज्याचं रान त्यो ठरवणार. अन् त्याची सुरुवात माझ्या म्हाताऱ्याच्या नावानं झालेली आसंल.

म्हणलं, "पाळकसाहेब, आत्ताच्या आत्ता जावा अन् शब्द माघारी घ्या. मत ज्याचं त्याचं. वाटंसाठी आपण समदे मिळून तहसीलला जाऊ."

"तहसीलचं काम काय लगेच होतंय, मावशी? त्यो उद्याच तार लावंल. अन् अण्णांचं तर..."

"ठावं हाय मला," म्या म्हणलं.

ते गेले. मी घरी आले तर म्हातारा जागाच. कुंपण निघाल्यापासनं त्याचा चेहरा निवळला होता. त्यानं चाचपून माझा हात धरला.

"वाट मोकळी हाय न्हवं?"

एका खोट्यापायी मी चर्चमधी समद्यांदेखत बसून ऱ्हायले होते. आता तेच माझ्या तोंडी यायची येळ आली.

"मोकळी हाय," म्या म्हणलं. "निजा तुमी."

त्या घटकेला तरी ते खोटं न्हवतं.