बोरीला पालवी येण्याआधी

"जॉन मालसुक! जॉन मालसुक आजी कोण?"

नर्सने तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा वॉर्डातल्या सगळ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. खिडकीजवळच्या खाटेवरची म्हातारी मात्र टीव्हीवर डोळे लावून बसली होती. शेवटी तिची मुलगी उनशिल बाथरूममधून ओले हात झटकत आली.

"आई, अगं तुलाच बोलावतायत."

"मला? बरं बरं." म्हातारीने रक्तदाब मोजायला दंड पुढे केला, पण मान काही वळवली नाही.

तिचा तरी काय दोष? चौथी मुलगी झाल्यावर 'आता पुरे' अशा अर्थाचं हे नाव बापाने ठेवलं होतं, आणि लग्न होऊन पामगोल गावी आल्यापासून पंचावन्न वर्षांत ते कुणी तोंडात घेतलं नव्हतं. माहेर सांग्जूचं, म्हणून सारं गाव तिला सांग्जूदेक, म्हणजे सांग्जूवाली, म्हणे. त्या नावाने हाक आली असती तर ती भुलेतूनसुद्धा उठून बसली असती.

टीव्हीवर पिवळ्या झग्यातली एक पोरगी नकाशावर हात फिरवत होती. उद्या, तीस एप्रिलला पहाटे, उत्तर ग्यॉंगसांग प्रांताच्या डोंगराळ भागात पारा शून्याखाली उतरेल, दव गोठेल. सांग्जूदेक कळ आल्यासारखी अर्धी उठून बसली. नव्या गुडघ्याला परवाच टाके घातले होते, पण कळ तिथून आली नव्हती.

पामगोलमध्ये मिरचीची लावण कधी करायची, हे कॅलेंडरवर बघायची पद्धत नाही. सांग्जूदेकच्या परसात बघायचं. तिने रोपं लावली की दुसऱ्या दिवशी शेजारची पोहांगदेक लावणार, तिसऱ्या दिवशी सरपंच तालसू, आणि आठवडाभरात सगळी अकरा घरं. ऑगस्टअखेर कोबी, ऑक्टोबरात लसूण, सगळं तसंच. आणि सांग्जूदेक स्वतः बघायची ती अंगणातली बोर. बोर म्हणजे महाआळशी झाड. जर्दाळू फुलून झडतो, पर्सिमनला पानं येतात, तरी ही आपली खराट्यासारखी उभी. पण तिच्या फांदीवर उंदराच्या कानाएवढी पानं दिसली की समजायचं, थंडी खरंच गेली. त्यावरही भरवसा न ठेवता सांग्जूदेक उकिडवी बसून मनगटाची आतली बाजू मातीला लावून बघे, बाळाच्या अंघोळीचं पाणी बघतात तशी.

ही अक्कल तिला फुकट आली नव्हती. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी, सासू भावाकडे गेलेली असताना, नव्या सुनेने हौसेने आठवडाभर आधीच लावण उरकली. एका पहाटेत सगळी रोपं उकडल्यासारखी काळी पडली. सासू चकार शब्द बोलली नाही. तिने फक्त त्या वर्षी विकतची मिरची घरात येऊ दिली नाही. वर्षभर घरात बिनमिरचीची, पांढरीफटक किमची, म्हणजे कोबीचं लोणचं. पाहुण्यांच्या पानातही तीच. कुणी विचारलं की सासू म्हणायची, "सुनेला विचारा." त्यानंतर सांग्जूदेक कधी चुकली नाही.

आणि यंदा तिने जाणूनबुजून चूक केली.

ऑपरेशनची तारीख सत्तावीस एप्रिल मिळाली. पुढे दोन महिने उकिडवं बसायचं नाही, खरं म्हणजे यापुढे कधीच नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. गावात तिने हे कुणालाच सांगितलं नाही. दोन वर्षांपूर्वी खुबा बदलायला तेगू शहरात गेलेले माक आजोबा परत आलेच नव्हते. मुलाने त्यांना तिकडेच वृद्धाश्रमात ठेवलं, आणि त्यांच्या लसणाच्या वाफ्यांवर आता सौरऊर्जेच्या काळ्या पाट्या चकाकत होत्या. उनशिलनेही तिच्या फ्लॅटमधली एक खोली रंगवून ठेवली होती. जमीन मोकळी दिसली की लोक चौकशा करतात, हे सांग्जूदेकला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिने एकवीस तारखेलाच वाफ्यांवर अंथरलेल्या मल्चिंग पेपरला भोकं पाडून आपली अडीचशे रोपं लावून टाकली. बोर ठार उघडी होती. गेली तर माझीच जातील, ती मनाशी म्हणाली. गावात सांगितलं, नातवाच्या साखरपुड्याला जातेय.

पंचवीस तारखेला सकाळच्या बसने ती निघाली. खिडकीतून पाहते तो काय, पोहांगदेकच्या शेतात मिरची! पुढे तालसूच्या शेतात मिरची. ओढ्यापलीकडे मिरची.

"काय आजी, यंदा लवकर मुहूर्त काढलात!" ड्रायव्हर आरशातून हसला. "माझ्या आईनंपण कालच लावली. म्हणाली, सांग्जूदेकनं लावली म्हणजे आता काय बघायचं?"

गाडी थांबव, हे शब्द तिच्या जिभेवर आले होते. पण गाडी थांबवली असती तर कारण सांगावं लागलं असतं. ती नुसती हसली आणि मांडीवरची पिशवी घट्ट धरून बसली. ते हसणं गेले चार दिवस तिला टोचत होतं.

"उनशिल, फोन दे. तालसूला लावून दे."

"कोण तालसू?"

"सरपंच गं आमचा. लाव लवकर."

तालसू बासष्ट वर्षांचा, म्हणजे गावातला सगळ्यात तरुण माणूस. फोन उचलल्याउचलल्या त्याने सुरुवात केली. "काकू! कसा झाला साखरपुडा? नवरी कशी आहे?"

"ते राहू दे. बातम्या बघितल्यास का? उद्या पहाटे दव गोठणार आहे."

"बघितल्या की. दुपारीच भोंग्यावरून सांगितलं, बाबांनो रोपं झाका. कुणी ढिम्म हललं नाही. पोहांगदेक काकू तर मलाच म्हणाल्या, टीव्हीवरच्या त्या पोरीनं जन्मात मिरची लावलीय का? सांग्जूदेकनं लावलीय ना, मग थंडी येत नाही. आता त्या समाजमंदिरात पत्ते कुटत बसल्यात."

"आणि तू?"

"मीपण म्हटलं... तुम्ही लावलीत म्हणजे... का हो काकू?"

सांग्जूदेकने वॉर्डभर नजर फिरवली. समोरच्या खाटेवरची बाई सफरचंद सोलता सोलता थांबून ऐकत होती. उनशिल खाटेच्या पायथ्याशी उभी होती. एकदा तिला वाटलं, सांगावं की मला स्वप्न पडलं. गावात स्वप्नालाही मान होता. पण स्वप्नावर उठून कुणी पत्त्यांचा डाव मोडला नसता.

"तालसू, फोन भोंग्याच्या माईकपुढं धर. मी बोलते."

"तुम्ही?"

"धर म्हणते ना!"

पलीकडे दार उघडल्याचा, खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग तालसूने नेहमीसारखी माईकवर फुंकर मारली. "आऽ, आऽ. ऐकू येतंय का? गावकऱ्यांनो, सांग्जूदेक काकू बोलतायत. हं, काकू."

ती वॉर्डातल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलली, कारण भोंग्यावर बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं अशी तिची समजूत होती.

"मी सांग्जूदेक. मी साखरपुड्याला आलेली नाही. मी तेगूच्या दवाखान्यात आहे, गुडघा बदललाय. मिरची मी ऋतू बघून लावली नाही. डॉक्टरनं दिलेली तारीख बघून लावली. माझ्या अंगणातली बोर जाऊन बघा, अजून उघडी आहे. बसमधून तुमची शेतं दिसली तेव्हाच सांगायला हवं होतं. लाज वाटली म्हणून नाही सांगितलं. आता पत्ते टाका आणि हातात मिळेल ते घेऊन रोपं झाका. टीव्हीवरची पोरगी खरं बोलतेय. माझं ऐकू नका, तिचं ऐका."

तिचे शेवटचे शब्द डोंगरावर आपटून फोनमधून तिच्याच कानात परत आले. पामगोलचा डोंगर नेहमीच असा वेडावून दाखवतो. पण आज त्याचं ते बोलणं ऐकताना सांग्जूदेकचे कान तापले.

"काकू, ठेवतो," तालसू घाईने म्हणाला. "माझीच चारशे आहेत."

फोन बंद झाला. समोरची बाई सफरचंदाची फोड पुढे करत म्हणाली, "खा हो आजी." उनशिल अजून तशीच उभी होती.

"गावात कुणालाच सांगितलं नव्हतंस?"

"सांगितलं असतं तर घर बंद करून गेली म्हणाले असते."

"म्हणजे मी तुला डांबून ठेवणार, असं वाटलं तुला."

"खोली रंगवलीस ना?"

उनशिलने आईच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं, सारखं होतं तरी.

सकाळी साडेसहाला फोन वाजला. पोहांगदेक होती. तिचा आवाज असा की फोनची गरज नव्हती.

"ताई! खोटारडे! साखरपुडा काय? नवरी पोलादाची आहे म्हणे, गुडघ्यात बसवलीय!"

"आधी सांग. पडलं का पांढरं?"

"पडलं की. ओढ्याकाठचं गवत असं पांढरं, जसं कुणी पीठ चाळलंय. साडेसहा वाजले तरी पाय ठेवला की कुरकुर वाजतंय."

"आणि मिरची?"

पोहांगदेकने मुद्दाम श्वास घेतला. हिला मेलीला मासे विकायच्या दिवसांपासून सवय, भाव सांगायच्या आधी गिऱ्हाईकाला ताटकळत ठेवायची.

"बोल ना गं!"

"वाचली. माझी वाचली, तालसूची वाचली, ओढ्यापलीकडच्यांचीसुद्धा वाचली. काल अंधार पडेपर्यंत सगळं गाव उकिडवं. तांदळाची पोती, वर्तमानपत्राच्या टोप्या, समाजमंदिरातले चहाचे कागदी पेले, एकही सोडला नाही. तालसूनं तर मतदानाच्या वेळचे कापडी फलक अंथरले. कुणाकुणाची दहा-वीस गेली असतील, ते काय."

सांग्जूदेकचा जीव भांड्यात पडला. तिने डोळे मिटून घेतले. काही वेळाने, ज्याचं उत्तर ठाऊकच होतं असं वाटत होतं, ते तिने विचारलं. "माझी तर गेलीच असतील."

"तुझी कशी जातील? तुझीच पहिल्यांदा झाकली. किल्ली लोणच्याच्या रांजणाखाली ठेवतेस ना, जगाला ठाऊक आहे. तुझ्या कपाटातल्या सगळ्या रजया काढल्या. लग्नातली लाल रेशमी आहे ना, तीपण. कमी पडलं तेव्हा पत्त्यांखाली अंथरायची हिरवी घोंगडी आणली. आता सगळ्यावर चिखल झालाय. मी काही धुणार नाही. तूच ये आणि धू."

सांग्जूदेक नुसती हसत होती आणि डोळ्यांतलं पाणी कानांकडे जात होतं.

"ऐकतेस का? लवकर ये म्हणते!"

"ऐकतेय," उनशिलने फोन हातात घेत सांगितलं. "मावशी, डॉक्टरांना विचारते आणि दिवस कळवते. मीच घेऊन येईन तिला."

मे संपता संपता एका सकाळी उनशिलची मोटार पामगोलच्या फाट्यावरून आत वळली. बोरीला चकचकीत पोपटी पानं आली होती. दोरीवर सगळ्या रजया वाळत होत्या. लाल रजईवर एका कडेला मातीचा डाग राहिलेला होता. मी धुणार नाही म्हणणारी पोहांगदेक परसात उभी होती, हातात तिळाचा डबा घेऊन.

काठी टेकत टेकत सांग्जूदेक वाफ्यांपर्यंत गेली. अडीचशेपैकी तिने ओळीत चार मोकळ्या जागा मोजल्या. बाकी रोपं घोट्याच्या वर आली होती, आणि एखाददुसऱ्याला पांढरी फुलंही धरली होती. ती बराच वेळ बघत राहिली.

"ताई," पोहांगदेकने डबा खुळखुळवला. "तीळ कधी पेरायचे?"

"मला काय विचारतेस? टीव्हीवरच्या पोरीला विचार."

"विचारलं. ती म्हणाली, उद्या ऊन पडेल. तिळाचं काही बोलली नाही."

कुंपणापलीकडे तालसू फावडं टेकून उभा होता, तो उगाच आकाशाकडे बघायला लागला. ओढ्याकडच्या दोघीजणी चालता चालता थांबल्या.

सांग्जूदेकने सवयीने खाली वाकायचा प्रयत्न केला. नवा गुडघा निम्म्यावर अडला. तिने काठी दुसऱ्या हातात घेतली आणि पुन्हा वाकून पाहिलं. जमेना. मातीपर्यंत हात काही पोचत नव्हता. ती सरळ झाली.

पोहांगदेकने डबा बांधावर ठेवला. ती स्वतः कण्हत कण्हत उकिडवी बसली, तिळासाठी राखलेल्या वाफ्यात बोटं खुपसून आतली मूठभर माती काढली, आणि गुडघ्यावर हात रेटत उठली.

"धर," ती म्हणाली.

सांग्जूदेकने बाही वर सारून मनगट पुढे केलं. पोहांगदेकने त्यावर माती ठेवली आणि वरून आपला तळहात झाकला. सांग्जूदेक डोळे मिटून उभी होती.

"परवा," ती म्हणाली.

पोहांगदेकने डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि ती घरी गेली.