मुलं झोपली की सांगू

बातिमा शनिवारी दुपारच्या बसने अलमातीला लेकीकडे आली, ती पहाटे कणकेचे गोळे तळून केलेल्या बाउरसाकांचं गाठोडं पोटाशी धरूनच. जोडे काढायच्या आधी तिने विचारलं, "उद्याचं काय ठरलं? किती पाळण्यांत बसवणार माझ्या पोरांना?"

"सगळ्यांत!" पाच वर्षांची तोमिरिस ओरडली. तीन वर्षांच्या आलदियारने काही न समजता टाळ्या वाजवल्या.

मुलांच्या आईचा, राउशानचा, बेत पक्का होता. डोंगराच्या पायथ्याशी मुलांसाठी मोठी बाग झाली होती. फाटक उघडायच्या आधी पोचायचं, पहिल्यांदा होड्या, लगेच आगगाडी, गर्दी व्हायच्या आत रॉकेट, मग डोलणारे डायनासोर, जेवण रांगेतच उरकायचं, म्हणजे संध्याकाळपर्यंत काही सुटणार नाही.

"ऐकलंत, आई?" तिचा नवरा दौरेन म्हणाला. "ही सहल नाही, स्वारी आहे. मला घोडा तेवढा मिळालेला नाही."

"एवढं पळवाल तर आधी पोरं रडतील आणि मग तुम्ही," बातिमाने चहात दूध ओतता ओतता निकाल दिला. "तीन गोष्टी पुरे. होड्या, आगगाडी आणि त्यांना जे आवडेल ते पुन्हा एकदा. जेवण घरचं. जेवलं की झाडाखाली चादर टाकायची आणि पोरांना झोपवायचं."

"तिकीट काढून झोपायला जाणारे आपणच पहिले!"

"जावईबापू, सगळ्यात आधी तुम्हीच घोराल. पैज लावा."

राउशानही हसली. "बरं, वहिनी. तुम्ही म्हणाल तसं," ती म्हणाली.

जन्मदात्या आईला ती वहिनी म्हणायची आणि जावई आई म्हणायचा, याचं त्या घरात कुणाला नवल नव्हतं. पहिलं मूल आजीआजोबांचं, हे तिच्या माहेरी वेगळं ठरवावं लागत नसे. बातिमा आणि तिचा नवरा तेव्हा शहरात शिकत होते. दूध सुटल्यावर राउशान गावी, केगेनला, आजीच्या कुशीत गेली, आणि आजी तिची आई झाली. चुलते जिला वहिनी म्हणत, तिला तीही वहिनीच म्हणू लागली. वहिनी सुट्टीत यायची, खाऊ आणायची, आणि निघताना दारात जरा जास्त वेळ उभी राहायची. पुढे आजी गेली, वडीलही गेले. हाक तेवढी बदलली नाही. एकदा जिभेवर बसलेली हाक चाळिशीच्या तोंडावर बदलायची म्हणजे आधी कितीतरी बोलावं लागलं असतं, आणि त्या दोघी तसल्या बोलणाऱ्या नव्हत्या.

चहानंतर दोघी कप धुवायला लागल्या. बातिमा धूत होती, राउशान पुसत होती.

"मीही एकदा तुला पाळण्यात बसवायला न्यायला आले होते," बातिमा अचानक म्हणाली. "तू सहा वर्षांची असशील. निळा झगा आणला होता तुझ्यासाठी. तर तू सासूबाईंच्या मागे लपलीस आणि म्हणालीस, वहिनीबरोबर नाही जायचं मला." ती हसली. "तो झगा मांडीवर घेऊन आले मी परत. बसमधल्या एका बाईने विचारलं, मुलगी कुठाय? काय सांगणार, कपाळ!"

राउशानने कप फडक्यात फिरवला.

"त्या दिवशी तुला खरंच यायचं नव्हतं का गं?" बातिमाने विचारलं. तिची पाठ होती, हात पाण्यात होते.

राउशानला सगळं आठवत होतं. निळ्या झग्याची कोरी घडी आठवत होती, आणि डोक्यावरचा आजीचा हातही. तो हात काही बोलत नव्हता, नुसता जड होता. 'येते' म्हटलं असतं तर तो उचलला गेला असता, आणि तो उचलला जाण्याचं तिला भय वाटलं होतं.

"मला कुठलं आठवतंय एवढं, वहिनी," ती म्हणाली.

"नसेल तर बरंच." बातिमाने नळ बंद केला. "सासूबाईंनी तुला फुलासारखं जपलं. आणखी काय हवं?"

पाठमोऱ्या बातिमाकडे पाहताना राउशानने मनाशी ठरवलं, उद्या सांगू. मुलं झोपली की झाडाखाली निवांत बसायचं आहेच. इथे ओट्यापाशी, ओल्या हातांनी, दौरेन आत-बाहेर करत असताना नको. उद्याच्या बेतात तिने ती एक गोष्ट आपल्यापुरती घातली, आणि तिला एकदम हलकं वाटलं. बातिमा प्रवासाने दमली होती. ती लवकर आडवी झाली. "सकाळी पोरीच्या वेण्या मी घालणार," तिने खोलीतून बजावलं. "तू फार ओढतेस."

सकाळी तोमिरिस कंगवा घेऊन तिला उठवायला गेली आणि तशीच परत आली.

"आजी उठत नाही," ती म्हणाली. "हात लावला तर गार लागतोय."

बातिमाला त्याच दिवशी तालदिकोर्गानला, तिच्या मुलाच्या घरी नेलं. बायका भिंतीशी ओळीने बसल्या. गेलेल्या माणसाला हाक मारत, त्याचे गुण गात रडायचं, आणि लेकीने सगळ्यांच्या आधी सूर लावायचा, अशी रीत. राउशानच्या तोंडून आवाज फुटेना. थोरल्या आत्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. "मोकळी हो, पोरी. आईला हाक मार."

राउशानने तोंड उघडलं आणि गळ्यातून निघालं, "वहिनी!"

ओळीतला सूर क्षणभर अडखळला. मग म्हाताऱ्या बायकांनी तो उचलून पुढे नेला. त्यांनी अशा लेकी पाहिल्या होत्या, त्यांनी काही मनावर घेतलं नाही. दारापाशी बसलेली शेजारची तरुण सून मात्र कुजबुजली, "लेक नव्हती आली का?"

राउशानने ते ऐकलं. नंतरच्या दिवसांत ती उत्तम वागली. आल्यागेल्याचं पाहिलं, भावाला धीर दिला, अलमातीला परतून कामावर रुजू झाली. रडली असती तर लोकांना ते बरं वाटलं असतं. तिने पुस्तकं वाचली. दुःखाबद्दल माणसांनी किती चांगलं लिहून ठेवलं आहे हे तिला दिसत होतं, पण तिच्या कामाचं त्यात एकही वाक्य नव्हतं. कप धुताना विचारलेल्या एका साध्या प्रश्नाला तिने खोटं उत्तर दिलं होतं, आणि ते दुरुस्त करायला उरलंच कोण होतं?

चाळिसाव्या दिवसाचं जेवण झाल्यावर तोमिरिसने विचारलं, "बागेत कधी जायचं?"

"पुढच्या उन्हाळ्यात गेलो तर?" दौरेन राउशानकडे पाहत म्हणाला.

"या रविवारी," राउशान म्हणाली.

ते उशिराच निघाले. कोणी कुणाला घाई केली नाही. शिखरांवर पहिलं बर्फ पडलं होतं, बाग अर्धी रिकामी होती. होड्यांत बसले, आगगाडीत बसले. आलदियारला आगगाडी आवडली, म्हणून पुन्हा आगगाडीतच बसले. रॉकेटपाशी तोमिरिस थबकली, मग स्वतःच म्हणाली, "राहू दे, भूक लागली." कोणी रडलं नाही. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं, की राउशानला ते सोसवेना.

जेवण झाल्यावर तिने पिवळ्या पडत चाललेल्या झाडांखाली चादर टाकली. आलदियार तिच्या मांडीवर पेंगला. तोमिरिस थोडी कुरकुरली आणि कुशीवर वळून गाढ झोपली. दौरेन गरम चहा मिळतो का पाहायला गेला. होड्यांचं यंत्र कुणीतरी बंद केलं आणि पाणी हळूहळू थांबलं.

आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. हीच ती वेळ. चादरीची पलीकडची बाजू रिकामी होती, वाऱ्याने तिची कड उलटत होती. राउशानने हात लांब करून ती सरळ केली आणि हात तिथेच ठेवला.

मनाशी तिने कितीदा जुळवाजुळव केली होती. आधी आजीच्या हाताबद्दल सांगायचं, तिला दोष न देता. मग लहान मुलांना काय कळतं आणि काय कळत नाही, ते. मग हळूच मुद्द्यावर यायचं. त्यातलं काहीच आता आठवेना.

"आई," ती म्हणाली.

स्वतःच्या तोंडून निघालेली ती हाक इतकी नवखी होती, की झोपलेल्या मुलांवरच तिची नजर गेली. ती हलली नाहीत. तिने रिकाम्या बाजूकडे पाहिलं आणि आवाज न दाबता पुन्हा म्हटलं.

"आई, मला आठवतंय सगळं. मला यायचं होतं गं तुझ्याबरोबर."