संगीताच्या कपाटातलं पुस्तक

आमच्या कॉलेज ग्रंथालयाच्या पंचवार्षिक आराखड्यातला तिसरा मुद्दा मीच लिहिला: दहा वर्षांत एकदाही इश्यू न झालेली पुस्तकं बाद करावीत आणि वरचा मजला मोकळा करून मुलांना एकत्र बसायला द्यावा. चौथाही माझाच: जुन्या कार्ड-कॅटलॉगची लाकडी कपाटं मोडीत काढावीत.

प्राचार्य चकितच झाले. "मॅडम, मला वाटलं होतं तुम्ही भांडाल."

लोकांना वाटतं, ग्रंथपाल म्हणजे पुस्तकांवर वेटोळं घालून बसलेली नागीण. अहो, मुलं जिन्यात बसून लॅपटॉप उघडतात आणि वर अख्खा मजला धूळ खात पडलाय, हे मला दिसत नाही का? जुनं धरून बसायचा मक्ता ग्रंथालयाने घेतलेला नाही. हे सगळं मी मीटिंगमध्ये ठासून सांगितलं. बावीस वर्षांनंतरही मी त्या मजल्यावर कामाशिवाय पाऊल टाकत नाही, हे मात्र सांगितलं नाही.

बावीस वर्षांपूर्वी तिथे दशांश बसायचा. पुस्तकांचं वर्गीकरण करणारा. पुस्तकाच्या नंबरातला दशांशचिन्हापुढचा एक आकडा ठरवायला अर्धा दिवस घालवायचा, म्हणून हे नाव. मी खाली काउंटरवर. मुलं तेव्हाही मला 'चूप मॅडम' म्हणायची, आणि आता चूप मॅडमनेच वर जाऊन कुजबुजायचं म्हणजे शोभा झाली असती. मग आम्ही चिठ्ठ्या लिहू लागलो. संगीताच्या कपाटात, खालून दुसऱ्या फळीवर, 'सभागृहातील प्रतिध्वनी: कारणे व उपाय' नावाचं जाडजूड पुस्तक होतं. त्याला कुणी हात लावत नसे. मागच्या पुठ्ठ्याच्या खिशात चिठ्ठी ठेवायची, दुसऱ्याने काढायची. समोरासमोर आम्ही अहो-जाहो करायचो, चिठ्ठीत अगं-अरे.

"हे पुस्तक संगीताचं नाही, भिंतींचं आहे," तो चिठ्ठीत कुरकुरायचा. "बांधकामात जायला हवं. माझ्या डोळ्यांना टोचतं."

"टोचू दे. चुकीच्या जागी आहे म्हणून तर आपल्या कामाचं आहे," मी लिहायची.

मग त्याला लांबच्या शहरात, मोठ्या विद्यापीठात नोकरी लागली. मला आईला सोडून जाता येईना, आणि 'थांब' म्हणायला जीभ रेटेना. तो काहीतरी लिहून जाईल म्हणून मी वाट बघितली. त्याच्या शेवटच्या दिवशी, तो गेल्यावर, वर गेले. फळीवर पुस्तकाच्या जागी नुसती फट होती. पुस्तकच घेऊन गेला! चिठ्ठी सोडा, चिठ्ठी ठेवायची जागासुद्धा ठेवली नाही.

घरी आल्यावर आईला सांगितलं. आई म्हणाली, "त्याला काही बोलायचं असतं तर बोलला असता ना." तिचं खरं होतं. मी तो विषय मिटवला, म्हणजे तोंडाने मिटवला.

मागच्या आठवड्यात बाद करायच्या यादीची पडताळणी सुरू झाली. चार हजारांवर पुस्तकं. सहायिका फळीवरून नाव वाचायची, मी यादीवर खूण करायची. तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही बांधकामाच्या कपाटाशी आलो.

"सभागृहातील प्रतिध्वनी, कारणे व उपाय."

"ते इथे नसतं," मी म्हणाले. "ते संगीतात असतं. म्हणजे होतं."

"नाही हो मॅडम, बांधकामच. हा बघा ना नंबर."

पाठीवरचा नंबर दशांशच्या अक्षरात होता. बारकोड चिकटवणाऱ्यांनी पहिलं पान तेवढं उघडलं असणार. मी मागचा पुठ्ठा उघडला. खिशात चिठ्ठी होती.

'शेवटी नंबर दुरुस्त केला. चुकीच्या जागी ठेवून जायला मन होईना, पुस्तकालाही आणि आपल्यालाही. नवी जागा कॅटलॉगमध्ये बघशीलच. रविवारच्या गाडीचं तिकीट काढलंय, पण तू थांब म्हणालीस तर थांबेन. आईंचं दोघं मिळून बघू.'

सहायिकेने विचारलं, "मॅडम, बाद ना?"

पुस्तक छातीशी धरून मी खाली आले. मोडीत जाणारी कार्डांची कपाटं जिन्याखाली उभी होती. 'स'चा खण ओढला. कार्ड बरोबर जागच्या जागी होतं. नवा नंबर, आणि खाली पेन्सिलीने बारीक अक्षरात: 'पूर्वी संगीतात होते.' माझ्यासाठीच लिहिलेलं. दुसरं कोण शोधणार होतं ते पुस्तक?

तीस वर्षं मी काउंटरवर उभी राहून मुलांना दटावतेय, आधी कॅटलॉग बघा, मग कपाटाकडे जा. फळीवर दिसलं नाही म्हणजे पुस्तक नाही असं होत नाही. आणि मी त्या दिवशी एक खण ओढून बघितला नाही. त्याला वाटलं असणार, हिला कॅटलॉग बघायला सांगावं लागतं का! रविवारी तो स्टेशनवर किती वेळ गाडीच्या दारात उभा राहिला असेल, या विचाराने मला खणाशीच रडू फुटलं. चूप मॅडम हुंदके देऊन रडताना मुलांनी पहिल्यांदाच बघितली.

पुस्तक मी माझ्या कार्डावर इश्यू केलं. तारखेच्या चिठ्ठीवर एकही शिक्का नव्हता, पहिला माझा पडला.

संध्याकाळी आईच्या उशाशी बसले. ती आता चौऱ्याऐंशीची आहे, कान गेलेत, पण जुनं सगळं आठवतं. तिच्या कानाशी जाऊन म्हटलं, "आई, दशांश बोलला होता गं."

तिने माझ्या मांडीवरचं पुस्तक बघितलं.

"मग?" ती म्हणाली. "तू काय म्हणालीस?"