गुरुजींच्या डबीतला कान

तू मध्ये बोलू नकोस, नुसतं ऐक. आपल्या ऋजुताचा कान निघाला. स्टेजवर, व्हायोलिन लावून झाल्यावर. हे वाजवणारे लोक गुरूचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतात बघ, तसा तिनं लावला. "माझे गुरू पंडित दामोदर हसबनीस," म्हणाली, उजवी पाळी धरली, आणि कान हातात आला. रक्त नाही, काही नाही. वेलीवरून शेंग सुटावी तसा. तिनं तो मांडीखाली ठेवला आणि अख्खा यमन वाजवला.

विंगेत गुरुजींनी हात पुढे केला. "आण इकडे. हरवशील."

सुपारीच्या डबीत टाकला. आत आणखी कान होते.

घरी आई म्हणाली, "केस मोकळे सोड, दिसणार नाही." बाबांनी पेढे आणले. शेजाऱ्यांना सांगत सुटले, सोळाव्या वर्षी निघाला म्हणून. त्या जोगळेकरांचा निनाद इतकी वर्षं शिकतोय, त्याचा अजून हलतसुद्धा नाही.

पण तो कान ऐकतच राहिला ना. कॉलेजात केमिस्ट्रीच्या तासाला हिला गुरुजींचा अडकित्ता ऐकू यायचा, त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या यायच्या. शिकवणीला बसली की डबी समोरच. डोक्यावरच्या कानाला गंधार अगदी जागेवर लागायचा आणि डबीतल्या कानाला तोच उतरलेला.

"गुरुजी, कुठला खरा?"

"डबीतला."

"पण मला इथं तर..."

"इथला अजून तुझा आहे. म्हणून चुकतो."

मग ती बोट जरा वर सरकवायची. लोक वा वा करायचे आणि तिच्या डाव्या कानाला ते बेसूर टोचायचं. घरी एकटी वाजवायची तेव्हा मात्र डावा कानच काय तो सोबतीला. तेव्हा गंधार असा लागायचा की वेडी गज थांबवून रडत बसायची.

परवा तिचा मोठा कार्यक्रम होता. पहिल्या रांगेत गुरुजी, मांडीवर डबी उघडी. मागच्या रांगांत त्यांचे जुने शिष्य, सगळ्यांचे केस कानांवर नीट विंचरलेले. चेहरे एकदम शांत. ऋजुतानं व्हायोलिनचं डोकं पावलावर टेकवलं, तारा लावल्या, माइक जवळ ओढला.

"माझे गुरू," म्हणाली आणि थांबली.

तबलजी पुटपुटला, "घे की गं नाव. लोक थांबलेत."

नाव घेऊन हात लावला नाही तर गुरुजींचं दार बंद, आणि मग कुठलंच दार उघडत नाही. लावला तर डावाही निघणार, आणि तो घरचा गंधार पुन्हा कधी ऐकायचा नाही.

"पंडित दामोदर," तिनं म्हटलं. हात गालापर्यंत आला. डबीतल्या कानात गुरुजींचा हळू आवाज आला, "चला." आणि डोक्यावरचा कान आपणहून तिच्या बोटांकडे वळला.

अशा वेळी तू काय केलं असतंस?