सोबतचा माणूस

नातीचं बारसं झालं त्याच वर्षी, डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी, सुंदराबाईंनी दवाखान्याच्या काउंटरवर हात टेकला, उजव्या पायावरचा भार डाव्यावर घेतला आणि खोटं बोलल्या.

"मुलगा खाली गाडी लावतोय."

काउंटरमागच्या दीपालीने मान वर केली नाही. 'सोबतची व्यक्ती' या रकान्यापुढे तिचं पेन थांबलं. "लावून झाली की वर पाठवा, आजी. सही लागते. एकट्या पेशंटला डॉक्टर इंजेक्शन देत नाहीत. नंतर पाय टेकवत नाही."

सुंदराबाई बाकावर जाऊन बसल्या. सुदर्शन खराडीत मीटिंगमध्ये होता. त्याने आईसाठी कॅब पाठवली होती, परत न्यायलाही पाठवणार होता. कॅबला सही करता येत नाही, एवढंच.

चाळीस वर्षं मंडईत मेथी-कोथिंबीर विकताना उकिडवं बसून आणि उठून त्यांच्या गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा झिजली होती. डॉक्टर तिला दोरी म्हणाले होते, हाडाला धरून ठेवणारी. गोळ्या झाल्या, पट्टा झाला, भिंतीला टेकून व्यायाम झाले. बारशाला त्यांना पाळण्यापाशी खाली बसता आलं नाही. दारालगतच्या खुर्चीवर कुणीतरी बाळ आणून मांडीत ठेवलं, फोटो निघाला, बाळ परत गेलं. आता स्वतःचंच रक्त काढून, यंत्रात फिरवून, त्यातला पिवळसर भाग त्या दोरीत टोचायचा होता. पाच-पाच आठवड्यांनी, तीन वेळा.

तेवढ्यात एक उंच म्हातारा लंगडत काउंटरपाशी आला.

"सोबत कोण?"

"मुलगा. गाडी लावतोय."

"आज पार्किंगमध्ये बरीच मुलं अडकलीत," दीपाली म्हणाली.

म्हातारा सुंदराबाईंच्या शेजारी बसला. थोडा वेळ त्याने भिंतीवरचं सांगाड्याचं चित्र पाहिलं.

"तुमचा कुठे अडकलाय?"

"खराडीत."

"माझा बेंगळुरूत. तिथून हे पार्किंग जरा लांब पडतं."

सुंदराबाईंनी तोंडाला पदर लावला. खूप दिवसांनी हसू आलं होतं आणि ते आवरेना.

त्यांचं नाव भीमराव. खडकीच्या कारखान्यात लेथवर उभं राहून नोकरी झाली होती, सायकलवर जाऊन-येऊन. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. "माझा डावा, तुमचा उजवा," ते म्हणाले. "दोघांत मिळून एक माणूस धड आहे. ताई, तुम्ही माझ्या कागदावर सही करा, मी तुमच्या करतो."

सुंदराबाई पन्नाशीत प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकल्या होत्या. कागद गुडघ्यावर घेऊन त्यांनी नाव लिहिलं, मोबाइल नंबर लिहिला आणि थांबल्या.

"नात्यात काय लिहू?"

"लिहा काहीतरी. गाडीइतकं खोटं नको."

त्यांनी सावकाश 'बहीण' लिहिलं. भीमरावांनी 'भाऊ' लिहिलं.

दीपालीने दोन्ही कागद वाचले. "अर्ध्या तासापूर्वी हे भाऊ-बहीण एकमेकांना ओळखत नव्हते."

"लहानपणी भांडण झालं होतं," भीमराव म्हणाले.

तिने शिक्का मारला.

रक्त काढून झाल्यावर कोपरात कापूस दाबून दोघं पुन्हा बाकावर बसले. आत यंत्र गरगरत होतं.

"नळ्यांची अदलाबदल तर नाही ना होणार?" भीमराव म्हणाले. "माझं तुमच्यात, तुमचं माझ्यात?"

"झाली तर झाली," सुंदराबाई म्हणाल्या. "कागद तरी खरा होईल."

भीमराव त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी कापूस उचलून पाहिला. रक्त थांबलं होतं.

सुंदराबाईंनी मुलाला कळवून कॅब नको म्हटलं. दोघं एकाच रिक्षात बसले. मंडईजवळ उतरताना त्या म्हणाल्या, "रामराम, भाऊ." ते म्हणाले, "जयभीम, ताई."

दुसऱ्या दिवशी फोन आला.

"ठणकतंय?"

"ठणकतंय."

"माझंही."

एवढंच बोलणं. सुदर्शनला त्यांनी सकाळीच सांगितलं होतं की काही दुखत नाही.

जानेवारीत दीपालीने न विचारताच कागद पुढे सरकवले. सुंदराबाईंनी मेथीची जुडी नेली होती. भीमरावांनी पिशवीतून एक बसकं स्टूल काढलं, लोखंडी पायांचं, वर फळी. स्वतः केलेलं. "डॉक्टरांनी उकिडवं बसू नका म्हटलंय. तुम्ही ऐकणार नाही, म्हणून." त्या दिवशी रिक्षातून उतरताना सुंदराबाईच आधी "जयभीम" म्हणाल्या.

स्टूल मंडईतल्या ओट्यावर गेलं. शेजारच्या वेणूबाईंनी विचारलं, कुठून आणलं.

"भावानं दिलं."

"तुला भाऊ कुठे होता?"

"होता. भांडण होतं."

दहा फेब्रुवारीला सुंदराबाई जिना चढून आल्या. पायऱ्या चढताना पहिल्यांदाच कठडा धरावा लागला नाही. काउंटरपाशी त्या उभ्या राहिल्या. दीपालीचं पेन त्या रकान्यावर थांबलं.

"सोबत कोण, आजी?"

"भाऊ." त्यांनी पदर सारखा केला. "खाली गाडी लावतायत."

एरवी दीपाली काहीतरी बोलली असती. तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, कागद स्वतःकडे ओढला, रकान्यात 'भाऊ' लिहिलं आणि खाली स्वतःच सही केली.

"लावू द्या सावकाश," ती म्हणाली. "सोमवारी जागा मिळत नाही."

आत डॉक्टरांनी गुडघ्यावर गार जेल लावलं, पडद्यावर बघत सुई घातली. "दुखलं तर सांगा."

परत निघताना दीपाली काउंटर सोडून आली. दंडाला धरून तिने त्यांना खाली नेलं, रिक्षा थांबवली. सुंदराबाई आत चढल्या आणि सवयीने सरकून एका कडेला बसल्या.

"उद्या फोन करते," दीपाली म्हणाली. "ठणकतंय का विचारायला."

तिसऱ्या इंजेक्शनची आठवण करून द्यायला शुक्रवारी तिने भीमरावांना फोन लावला होता, तो त्यांच्या मुलाने उचलला होता. मग तिने कागदावरचा बहिणीचा नंबर लावला होता. भीमराव सोमवारी, तीन फेब्रुवारी दोन हजार पंचवीसला, सकाळी खडकीच्या घरी वारले.