सागाच्या पाटाचा सूड

मित्रांनो, मी एक जुना रेकॉर्ड प्लेअर आहे आणि भारी खुनशी आहे. आधीच सांगितलेलं बरं, मागाहून नावं ठेवू नका.

आसेगावच्या उकंडरावांनी मला हौसेनं घरी आणलं. माझ्याखाली त्यांनी सागाचा चार बोटं जाड पाट बसवला आणि वरच्या बाजूला मोटरीपुरती खोबण कोरली. मोटर फिरताना थरथरते. ती थरथर सुईपर्यंत पोचली की गाण्यात घरघर शिरते. जड साग ती थरथर गिळून टाकायचा. उकंडराव भीमगीतं गायचे. त्यांची एकुलती एक रेकॉर्ड लागली, की शेजारीपाजारी कामं टाकून ओट्यावर येऊन बसत.

उकंडराव गेले. मुलगा संघदीप नोकरीला लागला, त्यानं टोलेजंग घर बांधलं. फाटकावर पाटी हवी, तीही जुन्या सागाची! पठ्ठ्यानं माझाच पाट उचकटला, खालच्या गुळगुळीत बाजूवर स्वतःचं नाव कोरून घेतलं आणि मला सनमायका लावलेल्या पातळ प्लायच्या खोक्यात कोंबलं. वरून नवरदेव, आतून पोकळ डबडं! थांब लेका, म्हटलं, तुला दाखवतोच.

उकंडरावांचा स्मृतिदिन आला. पाहुणे जमले. त्यांच्या बायकोला, विमलबाईंना, नवऱ्याचा आवाज ऐकायचा होता. दुसरं काही मागणं नव्हतं. संघदीपनं ऐटीत आवाज वाढवला आणि खोकं लागलं थरथरायला. मी असा घोंघावलो की पाहुण्यांनी कानांवर हात ठेवले. संघदीपचं तोंड पडलं. काय गार वाटलं म्हणून सांगू!

मला भंगारात टाकायला हवं, असं तो पुटपुटला. डोळे पुसत विमलबाई उठल्या आणि त्यांनी खोक्यावर हात ठेवला. थरथर त्यांच्या हाताला लागली.

"मशीन नाई बिघडली," त्या म्हणाल्या. "तू पाट काढला तवापासून तुह्या बापाचा आवाज असा घरघर करून राह्यला. जा, पाटी काढून आन."

"आई, पाहुण्यायसमोर?"

"पाहुण्यायसमोरच."

त्यानं स्वतःच्या हातानं पाटी आणली. खोबण वर, नाव खाली. मला खोक्यातून काढून तिच्यावर बसवलं, अन् उकंडराव गायला लागले, खणखणीत. विमलबाईंनी पदरात तोंड लपवलं आणि मनसोक्त रडून घेतलं.

नंतर संघदीपनं पाटी परत मागून पाहिली. "मी मेल्यावर ने," एवढंच त्या म्हणाल्या.

फाटक अजून बोडकंच आहे. मित्रांनो, जुन्या वस्तूंना जीव लावा. नाहीतर माझ्यासारखी एखादी रोज संध्याकाळी तुमच्या नावावर बसून गाईल.